तिसऱ्या खिडकीखालची भेग

जून महिन्यात समुद्रावरून धुकं यायचं आणि सकाळचे दोन-तीन तास पोर्तो लुना खरंखुरं गाव होऊन बसायचं. एरवी सगळं सोंगच, करमणुकीच्या बागेत उभारलेलं खोटं बंदर. घरांना नुसती तोंडं, पाठी नाहीत. दारं उघडत नाहीत. खालच्या मजल्यापेक्षा वरच्या मजल्याच्या खिडक्या लहान, त्याहून वरच्या आणखी लहान, म्हणून चाळीस फुटांचा घंटेचा मनोरा शंभर फुटांचा वाटतो. मनोऱ्यातली घंटा फायबरची आणि तिचा आवाज मागे टांगलेल्या स्पीकरमधून येणारा. पण धुक्यात यातलं काहीच दिसत नाही. बंदर खरं वाटतं, घरात माणसं झोपलीयत असं वाटतं. तिकीट काढून येणाऱ्यांना हे गाव कधी दिसत नाही, कारण नऊला फाटक उघडेपर्यंत कॅलिफोर्नियाचं ते निर्लज्ज ऊन पडलेलं असतं. ते दिसतं रंगाऱ्यांना, गवंड्यांना आणि झाडूवाल्यांना. माझं विचाराल तर त्या सगळ्या बागेत नशीबवान काय ती हीच माणसं.

कोन्सुएलो बारागान त्यांतलीच एक. सगळे तिला चेलो म्हणत. एकतीस वर्षं ती पोर्तो लुना रंगवत होती, आणि तिचं काम काय, तर नव्याला जुनं करायचं. सिमेंटच्या कोऱ्या भिंतीवर ती तीनशे वर्षांचं पाऊसपाणी उतरवायची. खिळ्याखाली गंजाचा ओघळ, चौकटीखाली ओलीचा डाग, उत्तरेच्या अंगाला शेवाळ. आणि भेगा. भेगांत तिचा हातखंडा होता. आधी बारीक कुंचल्याने काळपट रेघ, कुठे जाड, कुठे केसासारखी. मग तिच्या खालच्या अंगाला पांढऱ्याची कड, की भेग खोल दिसलीच म्हणून समजा. लोक येता-जाता त्यांत बोट घालायला बघायचे आणि बोट सपाट भिंतीवर आपटलं की हसायचे.

रंगाऱ्यांत एक रीत होती. आपापल्या कामात प्रत्येकाने कुठेतरी आपली खूण लपवायची, पाहुण्यांना दिसेल अशी नाही, पण आहे हे आपल्याला ठाऊक असेल अशी. चेलोची खूण गोगलगाय, नखाएवढी.

तर त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला चेलो हातात कॉफी घेऊन चौकात उभी होती. धुकं जरा विरळ झालं आणि मनोऱ्याचा वरचा भाग दिसला. तिसऱ्या खिडकीखाली, सज्जाच्या डाव्या अंगाला एक भेग होती. हातभर लांब. वरून जाड सुरू होऊन खाली निमुळती झालेली, मध्ये एक फाटा फुटलेला.

चेलोला ती भेग आठवेना.

तिने कॉफी कट्ट्यावर ठेवली. रंगकामाच्या खोलीत जाऊन भिंतींची वही काढली. प्रत्येक भिंतीचं चित्र त्या वहीत होतं, कुठला डाग कुठे, कुठल्या रंगाचा, सगळं तिच्याच हातचं. मनोऱ्याचं पान उघडलं. तिसऱ्या खिडकीखाली गंजाचे दोन ओघळ होते, आणि बाकी काही नाही.

वहीत नाही म्हणजे काढलेली नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण चेलोला स्वतःच्या सवयी ठाऊक होत्या. हात चालला की ती दोन-चार रेघा जास्तीच्या मारायची आणि मग टिपून ठेवायची. टिपायचं राहिलं असेल तर? आणि ती भेग देखणी होती हो. खऱ्या भेगा इतक्या देखण्या नसतात. तो फाटा नेमका जिथे फुटायला हवा तिथे फुटला होता, आणि तो तिने स्वतः काढला असता तर तिथेच काढला असता.

तिने ते पान पुन्हा पुन्हा तपासलं. त्याला कारण होतं.

तिच्या आईचं विसरणं चौसष्टाव्या वर्षी सुरू झालं होतं. राजम्यात तीनदा मीठ पडलं, मग शेगडी चालू राहिली, मग चेलोला ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली. शेवटी शेवटी तिला घरात करमेना, म्हणून चेलो तिला एकदा पोर्तो लुनात घेऊन आली. मनोऱ्याच्या शेजारच्या निळ्या दाराच्या घरापुढे म्हातारी थबकली. म्हणाली, "आलं की गं आपलं घर. वाजव ना दार." ते दार चेलोनेच रंगवलेलं, त्याला बिजागऱ्यासुद्धा नव्हत्या. तरी तिने वाजवलं. म्हातारी पदर सावरावा तशी शाल सावरून उभी राहिली. बराच वेळ वाट पाहून म्हणाली, "कुणी नाही वाटतं. शेतावर गेले असतील." आणि समाधानाने परत फिरली. मेक्सिकोतलं, झाकातेकासचं तिचं ते घर चाळीस वर्षांपूर्वीच पडलं होतं.

चेलो आता त्रेसष्ट वर्षांची होती.

म्हणजे बघा, कोडं कसं होतं. भेग रंगाची असेल तर मनोरा ठणठणीत आणि चेलोचं डोकं गेलेलं. भेग खरी असेल तर चेलो शाबूत आणि मनोरा धोक्यात. त्यात शनिवारी संध्याकाळी कंदिलांचा उत्सव. शाळेतली तीस मुलं त्याच सज्जात उभी राहून गाणार होती. गप्प बसायची सोय नव्हती. आणि वरिष्ठांकडे जाऊन "ही भेग माझी नाही" म्हणावं, आणि ती निघावी तिचीच, तर मग डॉक्टरच्या तपासण्या, केविलवाण्या नजरा आणि निरोपाचा केक, हे ठरलेलंच.

ती एफ्राइनकडे गेली. एफ्राइन मोराबितो हा बागेचा सगळ्यात जुना गवंडी. चेलोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मबाप म्हणून उभा राहिला, तेव्हापासून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कंपाद्रे. आपल्याकडे विहीण-व्याही म्हणतात तसलं नातं, फक्त मानापमान वजा. एफ्राइन मनोऱ्यामागे पालथ्या बादलीवर बसून गोड पाव कॉफीत बुडवत होता.

"कंपाद्रे, तिसऱ्या खिडकीखाली भेग काढलीय का रे मी?"

"मला काय विचारतेस? तू पोर्तो लुनाला इतक्या भेगा पाडल्यास, खरा भूकंप आला तर त्याला जागा उरायची नाही."

"थट्टा नको करूस. मला आठवत नाहीये."

पाव कॉफीत तसाच राहिला आणि त्याचा अर्धा भाग विरघळून पडला. एफ्राइनने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आईला त्या दिवसांत चर्चला नेणं-आणणं तोच करायचा, त्यामुळे त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

"चल, वर जाऊन बघू," तो म्हणाला.

लिफ्टचा पाळणा आणला. चेलोने एक पाय आत ठेवला आणि काढून घेतला. वर जाऊन आपलाच रंग दिसला तर काय, ही भीती. एकतीस वर्षं त्या पाळण्यात माकडासारखी चढणारी बाई, तिचे पाय उचलेनात.

"तूच जा," ती म्हणाली. "मी खालून बघते, पाहुण्यांसारखी."

एफ्राइन वर गेला. धुकं इतकं होतं की त्याचे नुसते बूट दिसत होते. वरून नखाने खरवडल्याचा आवाज आला, टकटक केल्याचा आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

"काय आहे?" चेलोने विचारलं.

"नख अडकतंय. खरी वाटतेय."

"रंग आहे का?"

"धुक्यात काय डोंबल दिसणार."

"गोगलगाय?"

मध्ये जरा वेळ गेला. "नाही दिसली," एफ्राइन म्हणाला.

खाली येऊन त्याने आपल्या बापाची जुनी युक्ती सांगितली. काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा दाबून ती घट्ट बसवायची. भेग नुसती बसून असेल तर काच तशीच राहते. भिंत केसभर जरी सरकत असेल तरी काच तडकते. काच तर रंगवलेली नसते, ती खोटं कशाला बोलेल? पुरावा हाती आल्याशिवाय वरिष्ठांकडे, म्हणजे डेनिसकडे, जायचं नाही, शुक्रवारपर्यंत थांबायचं, असं दोघांनी ठरवलं. मग तो पट्टी आणि प्लास्टर घेऊन पुन्हा वर गेला आणि काच लावून आला.

बुधवारी काच अख्खी होती. गुरुवारीही अख्खी.

गुरुवारी संध्याकाळी चेलो घरी तांदूळ निवडत बसली होती आणि आपण मनात काय म्हणतोय हे तिच्या एकदम ध्यानात आलं. ती प्रार्थना करत होती. फुटू दे, म्हणत होती. तीस पोरं ज्या सज्जात उभी राहायची तो मनोरा फुटू दे, म्हणजे मी शहाणी ठरेन. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने ताट बाजूला सारलं आणि हात धुऊन आली. परत येऊन बसली, आणि पुन्हा तेच मनात. माणसाला स्वतःच्या डोक्यापुढे काही दिसत नाही, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी सकाळी एफ्राइन वर गेला आणि लगेच खाली आला. काच मधोमध तडकली होती.

चेलो कट्ट्यावर बसली आणि रडली. बरं वाटलं म्हणून रडली आणि बरं वाटलं याची शरम वाटली म्हणूनही रडली. मग डोळे पुसून थेट डेनिसच्या खोलीत गेली. डेनिस हॅल्व्हर्सन ही बागेच्या देखभालीची प्रमुख. पंचवीस वर्षांपूर्वी ती इथेच उन्हाळ्याच्या सुट्टीत फुगे विकायची आणि तिच्या फुग्यांच्या गाडीला रंग चेलोने दिला होता.

"मनोऱ्याला भेग गेलीय," चेलो म्हणाली. "माझी नाही. खरी."

डेनिस हसली. इथे भेग म्हटली की सगळे हसायचे. पण तडकलेली काच पाहून तिचं हसू गेलं. दुपारपर्यंत मनोऱ्याखालच्या कमानीला दोर लावून वाट बंद झाली, इंजिनियर आले, गिलाव्यामागे कॅमेरा घातला. सज्जा धरून ठेवणारे दोन लोखंडी बोल्ट गंजून सुपारीएवढे उरले होते. चेलोने भिंतीवर आयुष्यभर गंज काढला आणि खरा गंज आत बसून होता, कुणाला पत्ता नाही.

मुलं शनिवारी धक्क्यावर उभी राहून गायली. कंदील पाण्यात सोडले. डेनिसने सगळ्यांसमोर चेलोला पुढे बोलावलं. "चेलोंना पोर्तो लुनाची एकेक भेग तोंडपाठ आहे," ती म्हणाली, "म्हणून एक परकी भेग त्यांना लगेच कळली." टाळ्या पडल्या. चेलोने एफ्राइनकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता, पण खाली बघून.

मंगळवारी इंजिनियरांचं काम आटोपलं. नवे बोल्ट बसले. भेगेच्या उजवीकडचा गिलावा तोडून झाला होता, डावीकडचा राहिला होता. तोडायच्या आधी जुने डाग टिपून घ्यायचे म्हणून चेलो वही घेऊन पाळण्यात चढली. आता पायांना काही झालं नाही.

"तू कशाला येतेस?" एफ्राइन म्हणाला. "मी तोडतो आणि येतो. डाग काय, तू झोपेतसुद्धा काढशील."

"पाळणा वर घे, कंपाद्रे."

वर धुकंच धुकं होतं. चौक दिसत नव्हता, बंदर दिसत नव्हतं, दोघं आणि हातभर भिंत एवढंच काय ते जगात उरलं होतं. चेलोने भेगेवर बोट ठेवलं. नख अडकलं. खरी होती. मग तिने मान तिरकी केली, आणि भेगेच्या खालच्या अंगाला तिला पांढरी कड दिसली.

ती कड रंगाची होती. हाडासारखा पांढरा, किंचित पिवळ्याकडे झुकणारा. तो डबा एप्रिलमध्ये नवीन आला होता आणि तिच्याशिवाय कुणी उघडला नव्हता.

डाव्या टोकाला, काच जिथे बसवली होती, तिथे प्लास्टरचा गोळा अजून चिकटलेला होता. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. ती एफ्राइनची खूण, प्रत्येक कामात कुठेतरी ओल्यावर उमटवलेली. पण काच धरायला एवढासा गोळा पुरतो, आणि हा होता पुरीएवढा. चेलोने पुट्टीची सुरी त्याच्याखाली सारली. गोळा खपलीसारखा निघाला.

खाली गोगलगाय होती. नखाएवढी, दोन शिंगं वर काढून, भेगेच्या काठाकाठाने चाललेली.

चेलोने सुरी बाजूला ठेवली.

"तू पाहिली होतीस," चेलो म्हणाली.

"हो."

"आणि मला नाही म्हणालास."

"भेग खरी होती ना? काच फुटली ना? झालं तर मग."

"भेग खरी होती, कंपाद्रे. आणि मी ती आधी पाहिली होती. इथेच उभी राहून, हातभरावरून. पाहिली, छान आहे म्हटलं, तिला कड दिली, खाली सही केली आणि घरी गेले. खरी भेग आणि मी तिला सजवून ठेवली. आणि यातलं काही, काही म्हणजे काहीच मला आठवत नाही."

एफ्राइनने छिन्नी उचलली. "दोन ठोके मारतो," तो म्हणाला. "चुरा होईल. तुझ्या-माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. आणि माझं काय, माझंही डोकं फार दिवस टिकणार नाही."

चेलोला हसू आलं. अशा वेळीही हसू आलं. त्याने मोठ्या मायेने तिच्यापुढे एक खोटी भिंत उभी केली होती, सरळ, गुळगुळीत, तिच्या सगळ्या भिंतींपेक्षा चांगली. तिच्यामागे राहता आलं असतं. अजून वर्षभर, दोन वर्षं.

तिने त्याचं मनगट धरलं.

"ही एक मला दिसली. एप्रिलपासून मी किती ठिकाणी हात फिरवलाय, ठाऊक आहे तुला? कमानीवर, धक्क्यावर, पुलाखाली. त्यांतल्या कुठल्या माझ्या आणि कुठल्या भिंतीच्या, मला सांगता यायचं नाही. आणि खालून रोज पोरं जातात."

एफ्राइनने छिन्नी खाली ठेवली. मग चेलोने ती उचलली आणि गोगलगायीच्या चारी बाजूंनी अलगद ठोकून तेवढा तुकडा सोडवून घेतला. पाळणा खाली आला.

डेनिसच्या टेबलावर तिने तो तुकडा ठेवला आणि सगळं सांगितलं, एप्रिलच्या डब्यापासून. एफ्राइनचा अंगठा तेवढा वगळला. डेनिस तुकडा हातात फिरवत राहिली. ती फुगेवाली पोर होती तेव्हापासून गोगलगायी शोधायचा तिला नाद होता, तिला ही ओळखू येणार नाही असं नव्हतं.

"चेलो," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही हे मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. शनिवारीच मी सगळ्यांसमोर..."

"शनिवारचं राहू दे. आज मला आठवतंय म्हणून आजच सांगते. उद्याचा भरवसा नाही, डेनिस."

डेनिस उठून आली आणि तिच्याजवळच्या खुर्चीत बसली. निरोपाची, डॉक्टरची, सगळी बोलणी त्या दिवशी झाली, ती मी सांगत बसत नाही. पण चेलोने एक अट घातली आणि ती मान्य झाली. जाण्याआधी पोर्तो लुनाची प्रत्येक भेग तिनेच वाजवून बघायची.

गुरुवारी सकाळी धुकं दाट होतं. तिघं निघाले. चेलो पुढे, तिच्यामागे एफ्राइन खडू घेऊन, आणि डेनिस वही घेऊन. चेलो बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायची आणि कान लावायची. आवाज भरीव आला तर गिलावा धरून आहे. पोकळ आला तर एफ्राइन खडूने फुली मारायचा. पुलाखाली एक फुली पडली. धक्क्यावर एक पडली. एफ्राइन मधूनच पुटपुटायचा, "या वयात दारोदार हिंडायची वेळ आली," आणि चेलो म्हणायची, "तू धर्मबाप आहेस, दान मिळेल तुला."

मग निळ्या दाराचं घर आलं. दाराच्या चौकटीपासून वर गेलेली एक बारीक भेग होती, तिने काढलेली, कदाचित. चेलोने दारावर टकटक केलं. धुक्यात तो आवाज खऱ्या दारावरच्या टकटकीसारखाच आला. तिने कान लावला आणि उभी राहिली. जरा जास्तच वेळ उभी राहिली. शाल सावरली.

"कुणी नाही वाटतं," ती म्हणाली. "शेतावर गेले असतील."

एफ्राइनचा हात खडूसकट हवेत राहिला. ती वळली आणि तिने त्याचा चेहरा पाहिला.

"घाबरू नकोस, कंपाद्रे," चेलो म्हणाली. "आज गुरुवार आहे, तू एफ्राइन आहेस, आणि हे दार मी रंगवलंय. आईची आठवण झाली, एवढंच." तिने भेगेलगत भिंत वाजवली, तिच्यावर तळवा ठेवला. "भरीव आहे. लिही, डेनिस."

डेनिसने लिहिलं, आणि चेलो पुढच्या दाराकडे गेली.